साडूच्या वाटेवरचा काटा

"विजे, काटा बघ! काटा!"

अण्णा असे ओरडले, की रस्त्यात म्हैस आडवी आली असं वाटून मी कचकन ब्रेक मारला. मागच्या सीटवर आईच्या मांडीवरची काकवीची बरणी पुढं घसरली, आईनं ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली, आणि आम्ही तिघं आंबा घाटाच्या तोंडाशी, पहिल्याच वळणावर धुरळ्यात उभे राहिलो.

काटा म्हणजे इंजिनाचा ताप दाखवणारा. एरवी तो मधोमध सुस्त पडलेला असायचा, रविवारी जेवून आडव्या झालेल्या अण्णांसारखा. आता तो थेट तांबड्या पट्टीला जाऊन टेकला होता.

"बंद कर आधी," अण्णा म्हणाले. "हेड गॅस्केट जाईल. ब्लॉक तडकेल. परत फिरायचं."

"अण्णा, जरा थांबून बघू की. वाफ नाही, वास नाही, काही नाही."

"वाफ यायची वाट बघायची? मीटर काय सांगतंय? मीटर खोटं बोलत नाही, विजे. माणूस बोलतो."

असं म्हणून त्यांनी डॅशबोर्डवरच्या दत्तगुरूंना हात जोडले, घाट लागताना लावलेला त्यांच्या मागचा तांबडा दिवा बंद केला आणि रुमालानं कपाळ पुसलं. खिडकीतून खाली कोकण दिसत होतं, आई तिकडं बघत राहिली. थोड्या वेळानं मी गाडी वळवली. मलकापूर यायच्या आत काटा पुन्हा मधोमध येऊन झोपला.

ती काकवी आम्ही कोल्हापुरात आठवडाभर पोळीशी खाल्ली. ती आक्कासाठी, म्हणजे माझ्या मावशीसाठी होती. आईच्या घशाखाली एक घास उतरला नाही.

माझं नाव विद्युल्लता. वीज खात्यातल्या बापाला मुलगी झाली की दुसरं काय होणार! घरात विजू, आणि अण्णा चिडले की विजे. अण्णा, म्हणजे विश्वनाथ कोरगावकर, हे खात्यात मीटर तपासनीस होते. रिटायर झाले तरी शर्टाच्या खिशात टेस्टर असायचाच, लग्नाला जातानासुद्धा. आईला ताप आला तर थर्मामीटर बघितल्याशिवाय त्यांना तो मान्य नसायचा. "अंग दुखतंय" असं म्हटलं की विचारायचे, "किती?" आता अंग किती दुखतं ते काय किलोत सांगायचं? पण माणूस सरळ. आयुष्यात कुणाचा फुकट चहा प्यायला नाही.

ह्या सरळपणानंच घोळ झाला.

आईची थोरली बहीण, गोदाक्का, देवरुखला. तिचे यजमान पुरुषोत्तम खातू, म्हणजे अण्णांचे साडू, ह्यांची तिथं भाताची गिरणी. खात्याचं भरारी पथक धाड घालायला निघालं, की ओळखीपाळखी नकोत म्हणून माणसं मुद्दाम दुसऱ्या जिल्ह्यातली न्यायची. त्या हिशेबानं कोल्हापूरहून अण्णांना नेलं आणि नेमकं साडूच्या गिरणीत उतरवलं. मीटरच्या मागं आकडा सापडला. आकडा म्हणजे वीज चोरायला मधूनच गुपचूप जोडलेली वायर. खातूकाका म्हणाले, "वायरमननं केलंय, मला काय माहीत? आत या साडूभाऊ, चहा घ्या." अण्णा म्हणाले, "ड्यूटीवर चहा घेत नाही." आणि पंचनाम्यावर सही केली.

दंड भरून झाला, प्रकरण मिटलं. पण पुढं गोदाक्काच्या मुलाचं, सुधन्वाचं लग्न निघालं. भरल्या पंगतीत अण्णा जेवायला बसले, आणि खातूकाका जिलबीचं ताट घेऊन वाढप्याला म्हणाले, "इथं जपून वाढ रे. आमचे साडूभाऊ मोजून खातात. एक जास्त पडली तर पंचनामा करतील." मांडव हसला. अण्णा पानावर पाणी सोडून उठले. त्यानंतर आठ वर्षं आम्ही देवरुखचं नाव काढलं नव्हतं.

आणि आक्का आईपेक्षा हट्टी. तिनं फोनवर सांगून ठेवलेलं, "शरे, येशील तर जोडीनं ये. एकटी आलीस तर मी पायावर पाणीसुद्धा घालणार नाही. ह्या दोन बैलांची टक्कर आपण का सोसायची?" त्यामुळं आईला एसटीत बसायचीही सोय नव्हती. तीन तासांवर सख्खी बहीण, आणि आठ वर्षं नुसता आवाज ऐकायचा.

अण्णांनी रिटायर झाल्यावर ही जुनी पांढरी गाडी घेतली. त्यांना स्वतःला चालवायला येत नाही, मी चालवायची. गाडी दारात आली तशी आई म्हणाली, "आता आक्काकडं जाऊया." अण्णा नाही म्हणाले नाहीत. त्यांनी आईला कधीच कशाला तोंडावर नाही म्हटलेलं नाही. "जाऊया की," म्हणाले, आणि जायच्या आधी दोन दिवस डॅशबोर्डवर दत्तगुरू बसवत बसले. मूर्ती नरसोबाच्या वाडीची, मागचा दिवा आणि खालचं बटण स्वतःच्या हातानं जोडलेलं. मला हात लावू दिला नाही.

तर पहिल्या खेपेला हे असं झालं. दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रीकडं गेले. दस्तगीर म्हणजे रोग समजेपर्यंत औषध देत राहणारा माणूस. त्यानं थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर धुतला, कुलंट नवं भरलं, फॅन फिरवून बघितला, आणि बॉनेट आपटून म्हणाला, "ताई, आता ही गाडी तापवायची म्हटली तरी तापायची नाय. हिच्यावर भाकरी भाजून दाखवा."

मी खात्री करायला म्हणून सगळ्यांना घेऊन पन्हाळा चढले. दुपारचं ऊन, एसी चालू, पुढं उसाचा ट्रॅक्टर. काटा मधोमध. रेसभरही हलला नाही.

"बघितलं, अण्णा?"

"पन्हाळा काय, टेकाड आहे," अण्णा म्हणाले. "आंबा घाट वेगळा."

पुढच्या रविवारी दुसरी खेप. ह्या वेळी आईनं काकवी, कांदालसूण चटणी आणि आक्काला आवडतं म्हणून भडंग घेतलेलं. मलकापूर गेलं, आंबा गाव गेलं, घाटाचा बोर्ड आला. अण्णांनी "अवधूत चिंतन" म्हणून दत्ताचा दिवा लावला. मी पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, आणि काटा सरकायला लागला. हळूहळू, एखादी म्हातारी जिना चढते तसा. थेट तांबड्यात.

"थांबव!" अण्णा म्हणाले.

ह्या वेळी मी बॉनेट उघडलं. फॅन गप्प. रेडिएटरच्या पाइपाला रुमाल धरून हात लावला. गरम होता, पण तेवढा तर तो रोजच असतो.

"हात काढ! भाजशील!"

"अण्णा, तापली असती तर फॅन फिरला असता की."

"फॅन गेला असेल."

"परवा तर दस्तगीरनं फिरवून दाखवला. आणि मला सांगा, आपण उतरतोय. इंजिनावर लोड नाही. पन्हाळा चढताना तापत नाही ती गाडी घाट उतरताना कशी तापते? उतारावर ब्रेक तापतात."

"तू इंजिनियर आहेस का?"

"मग सेन्सर खराब असेल."

"सेन्सर खराब नाही!" अण्णा इतक्या तडकाफडकी म्हणाले, की मी त्यांच्याकडं बघितलं. मग त्यांनी आवाज खाली घेतला. "म्हणजे, असेलही. पण असेल-नसेल म्हणून कुणी घाट उतरत नाही. जिवाशी खेळ आहे."

आई गाडीतून उतरली. घाटाच्या तोंडाशी एक चहाची टपरी होती. तिथल्या बाईच्या हातात तिनं चटणी आणि भडंग देऊन टाकलं. परत येऊन बसली आणि म्हणाली, "दत्ताच्याच मनात नाही दिसत." अण्णा काचेतून बाहेर बघत होते.

दस्तगीरनं सेन्सरही बदलला. "आता गाडीत जुना फक्त मालक राहिलाय," म्हणाला.

आणि मग आक्काचा फोन आला. गिरणी विकली. घर विकलं. सुधन्वानं बडोद्याला बोलावलंय, आता कायमचं तिकडं. सामानाचा ट्रक पुढच्या आठवड्यात. "रविवारी येतेस तर ये, शरे. नाहीतर मग गुजराथेत ये मला बघायला. तुझा नवरा तुला आंबा घाट उतरवत नाही, बडोदा काय दाखवतोय!"

आईनं फोन ठेवला आणि तिथंच खुर्चीत बसली. म्हणाली, "मला तिच्या त्या घरात एक रात्र झोपायचंय. एवढंच. आई गेल्यावर मी त्याच घरात बाळंत झाले. विजू तिथंच जन्मली. तेवढी एक रात्र मला द्या."

अण्णांनी पेपर खाली ठेवला. "जाऊया की," म्हणाले. "गाडीनं साथ दिली तर."

तिसऱ्या खेपेला आम्ही सकाळी लवकर निघालो. आईनं काकवीची नवी बरणी घेतली होती आणि ती तिनं ह्या वेळी पायाशी ठेवली होती, मांडीवर घेतली नव्हती. आशा ठेवायची नाही असं ठरवून निघालेली बाई कशी बसते, तशी बसली होती. मला अण्णांचा राग येत होता, गाडीचा येत होता, दस्तगीरचा येत होता, आणि रागावून उपयोग नव्हता, कारण काटा रागाला भीत नाही.

घाट आला. दत्ताचा दिवा लागला. दुसऱ्या वळणावर काटा तांबड्यात.

"थांबव बाजूला," अण्णा म्हणाले. पण ह्या वेळी त्यांच्या आवाजात जोर नव्हता. "जरा जाऊन येतो मी. पोट बिघडल्यासारखं झालंय." आणि उतरून वळणापलीकडच्या झाडीत गेले.

मी इंजिन बंद केलं, किल्ली मात्र तशीच ठेवली. काट्याकडं बघत बसले. बघून तरी काय होणार? माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"तो दिवा बंद कर गं," आई मागून म्हणाली. "एवढ्या उन्हात दिवा कशाला? बॅटरी उतरायची."

मी वाकून बटण दाबलं. दिवा गेला.

आणि काटा खाली यायला लागला.

मी आधी समजले, इंजिन गार होतंय. पण इंजिन असं गार होत नाही हो! पातेलं चुलीवरून उतरवलं तरी कोमट व्हायला वेळ लागतो. हा काटा मात्र मधोमध येऊन बसलासुद्धा.

"आई," मी म्हटलं, "इकडं बघ."

दिवा लावला. काटा वर. दिवा बंद. काटा खाली. आई पुढच्या दोन सीटांच्या मधून डोकं काढून बघायला लागली. "परत लाव," म्हणाली. परत लावला. "बंद कर." केला. आमचं हे असं चाललेलं, आणि दत्तगुरू तिन्ही तोंडांनी आमच्याकडं बघत होते.

मग आईनं माझ्या खांद्यावरून हात घातला आणि डॅशबोर्डच्या खाली चाचपलं. बटणातून दोन वायरी निघत होत्या. एक दिव्याला गेली होती. दुसरी काळी टेप गुंडाळून, नेटकी, मीटरच्या मागं गेली होती. काट्याच्या वायरीला जोडलेली. दिवा लागला की ती बॉडीला टेकायची, आणि काट्याला वाटायचं, इंजिन पेटलंय.

तीस वर्षं जेवताना ताटावर हेच ऐकलं होतं आईनं. कुणी चुंबक कसं लावलं, कुणी सील कसं फोडलं, कुणी न्यूट्रल कुठून फिरवली. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"आकडा," आई म्हणाली. "माझ्या घरात आकडा!"

"अण्णांनी?" मला खरंच पटेना. "आपल्या अण्णांनी?"

"दुसऱ्या कुणाची टेप एवढी नीट गुंडाळलेली असते?" आई म्हणाली आणि मागं टेकली. तिचा चेहरा तापल्यासारखा लाल झाला होता. "दोनदा घरी जाऊन मोरीत रडले मी, विजू. नळ सोडून रडले. मला वाटलं, देवच आडवा येतोय. आणि हा मेला माणूस देवाच्या पाठीमागं वायर लावून बसलाय!"

"येऊ देत त्यांना. बघतेच मी!"

"गप्प बस." आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून आठवतो. "आत्ता तोंड उघडलंस तर इथंच भांडण होईल. भांडण झालं की हे रुसून एसटीनं कोल्हापूर गाठतील, आणि आक्का जोडीशिवाय दार उघडायची नाही. आधी पोहोचायचं. दिवा लाव."

"लावू?"

"लाव. होता तसा."

अण्णा झाडीतून आले. आत बसले, काट्याकडं बघितलं. तांबड्यात. समाधानानं की दुःखानं कोण जाणे, सुस्कारा सोडला. "चला मग. फिरव. नशिबात नाही."

"विजू, खाली घे," आई म्हणाली.

"खाली? अगं, काटा बघ!"

"बघितला. जळू दे इंजिन. फुटू दे. मी उरलेली वाट चालत जाईन, पण आज परत फिरायची नाही. चालव गं."

मी गाडी सुरू करून गियर टाकला. अण्णा ताठ झाले. "अगं, ब्लॉक तडकेल!"

"तडकू दे."

"मीटर काय उगाच सांगतंय?"

"मीटर खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," आई म्हणाली. "तुम्हीच म्हणता ना?"

मी आंबा घाट उतरायला लागले, काटा तांबड्यात ठेवून. असं ड्रायव्हिंग मी पुन्हा कधी केलं नाही. प्रत्येक वळणाला हसू दाबून माझे गाल दुखत होते. अण्णांची मोठी पंचाईत झाली होती. गाडी ठणठणीत आहे हे त्यांना माहीत, आणि तरी चेहऱ्यावर इंजिन फुटायची भीती ठेवायची होती. दोन वळणं त्यांनी ती ठेवली. मग ते कंटाळले. मग त्यांचा हात हळूच बटणाकडं गेला.

"घाटात दत्ताचा दिवा बंद करू नये हो," आई मागून म्हणाली.

हात मागं.

आणखी दोन वळणं झाली. हात पुन्हा निघाला.

"असू दे म्हटलं ना! त्याच्याच भरवशावर चाललोय."

अण्णांनी हात मांडीखाली घालून ठेवला. कपाळावर घाम, कानाच्या पाळ्या लाल. त्या गाडीत खरोखर तापलेली एकच वस्तू होती, आणि ती माझ्या डाव्या बाजूला बसली होती. साखरपा आलं तेव्हा ते पुटपुटले, "चहा घ्यायचा का?" कुणीच ओ दिली नाही. पुढं देवरुखच्या अलीकडं अगदी बारीक आवाजात म्हणाले, "शरयू, तुला कळलंय का?"

"मला काय कळणार? मी काय मीटरवाली आहे?" आई म्हणाली.

त्यांना कळलं, की आईला कळलंय. पण त्यांनी कबूल केलं नाही आणि तिनं विचारलं नाही. नवरा-बायको म्हणजे एक भारीच प्रकार असतो.

आक्काच्या अंगणात खोकी रचलेली होती. शेजारचे दोघं-तिघं सामान बांधायला आलेले. आई गाडी थांबायच्या आत उतरली. आक्का ओट्यावरून धावत आली, तिला धावता येत नव्हतं तरी आली, आणि त्या दोघी एकमेकींना धरून अशा उभ्या राहिल्या, की मी काकवीची बरणी हातात घेऊन उगाच आभाळाकडं बघत बसले. नाहीतर रडू यायचं आणि बरणी पडायची.

खातूकाका मागून आले. लुंगी, बनियन, हातात सुतळीचं बंडल. आठ वर्षांत अगदी वाळून गेले होते.

"या साडूभाऊ," म्हणाले. "वाट चुकलात?"

"गाडी तापत होती," अण्णा म्हणाले. आठ वर्षांनंतर बोललेलं पहिलं वाक्य हे! "तीनदा निघालो. गाडी तापते."

"तापते?" काकांच्या डोळ्यांत एकदम जीव आला. गिरणीवाला माणूस, मशीन म्हटलं की हात शिवशिवणार. "बघू तरी."

"नको, नको. झालं आता. राहू दे."

पण काका बॉनेटकडं पोचलेसुद्धा. हात लावला. "ही कुठं तापलीय? नेहमीएवढीच तर गरम आहे." मग दार उघडून आत वाकले. मी तिथंच उभी. काटा तांबड्यात, कारण किल्ली काढायचं आणि दिवा बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. काकांनी काट्याकडं बघितलं. दिव्याकडं बघितलं. बटण दाबलं. काटा खाली येईपर्यंत थांबले. मग मान तिरकी करून डॅशबोर्डखाली बघितलं, आणि बराच वेळ तसेच राहिले.

अण्णा दाराशी उभे होते. मी त्यांना असं उभं कधी पाहिलं नव्हतं. खिशातला टेस्टर हातानं झाकून धरलेला, जणू तोही चोरीचा होता. शेजारची माणसं बघत होती. त्या पंचनाम्याची भरपाई करायला ह्याहून चांगली संधी काय मिळणार? काकांनी नुसतं तोंड उघडायचं होतं. मला अण्णांचा इतका राग आला होता सकाळी, आणि आता वाटत होतं, दत्ता, काहीही कर, पण ह्यांना वाचव.

"काय झालंय हो खातू?" शेजाऱ्यानं विचारलं.

काका बाहेर आले. लुंगी झटकली.

"काही नाही," म्हणाले. "अर्थिंगची वायर सैल होती. काट्याला उगाच भास होत होता." आणि सुतळीचं बंडल शेजाऱ्याच्या हातात देऊन त्याला आत पिटाळलं.

मग अण्णांच्या जवळ आले. आवाज खाली. "साडूभाऊ, काय सफाई आहे हो! आमच्या वायरमननं असलं काम केलं असतं तर मी तुम्हाला सापडलोच नसतो."

अण्णा खाली बघत होते. मला वाटलं, आता माफी मागतील. पण कसलं काय!

"सापडला असता," अण्णा म्हणाले. "मला सापडला असता."

काका आधी त्यांच्याकडं बघत राहिले आणि मग असे हसले, की खोकला लागला. अण्णांनाही हसू फुटलं. दोघंही ओट्याच्या पायरीवर बसून, पोट धरून हसत होते. त्यात अण्णा मधेच रडायला लागले, आणि काका त्यांच्या पाठीवर हात फिरवत म्हणत होते, "अहो, असू दे. अहो, मीसुद्धा पंगतीत तसं बोलायला नको होतं. जीभ घसरली, आणि मग तुम्ही उठलात ते उठलातच."

"मला तुमच्या दारात यायचीच भीती वाटत होती," अण्णा म्हणाले. "परत कुणी हसेल म्हणून."

"हसलोच की आता."

"हं."

"पंचनामा करायचा?" काकांनी विचारलं.

"करा."

"साक्षीदार?"

"विजू आहे."

"बरं. चहा घेणार का? की ड्यूटीवर आहात?"

"घेतो," अण्णा म्हणाले.

दुपारी जेवायला जिलबी होती. काका वाढत होते आणि अण्णा खात होते. काका म्हणाले, "मोजताय काय?" अण्णा म्हणाले, "छे! रीडिंग घेतोय." आई त्यांच्याशी अजून धड बोलत नव्हती, पण तिनं त्यांच्या पानात तूप वाढलं, आणि ते जरा जास्तच वाढलं. त्या दोघी बहिणी रात्रभर काय बोलल्या मला माहीत नाही. सकाळी दोघींचे डोळे सुजलेले होते आणि दोघी एकाच पातेल्यातलं दूध उतू घालवून हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. एक रात्र ठरली होती, ती झाली. बॅगा डिकीत गेल्या. आक्कानं आईच्या ओटीत तांदूळ, नारळ घातला. दोघींनी एकमेकींकडं बघायचं टाळलं. सगळे अंगणात उभे होते. आई म्हणाली, "मी पुढं बसते आज." अण्णा मुकाट्यानं मागं जाऊन बसले.

मी किल्ली घातली, फिरवली. अजून इंजिन सुरूही केलं नव्हतं. रात्रभर अंगणात दवात उभी होती गाडी, काचांवर पाणी. काटा अगदी तळाला.

आईनं पदर खांद्यावरून घेतला, दत्ताला हात जोडले. मग वाकून बटण दाबलं.

काटा उठला. तळापासून निघाला, मधोमध आला, तिथंही थांबला नाही, आणि तांबड्यात जाऊन टेकला.

"अगंबाई," आई म्हणाली, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात. "काटा बघ, विजू! गाडी तर भयंकर तापलीय. अहो, आता काय करायचं?"

अंगणात कुणी हसलं नाही. खातूकाका तोंडावर हात धरून पलीकडं बघायला लागले. आक्काला कशाचाच पत्ता नव्हता, ती घाबरून "अगोबाई, पेटेल की काय" म्हणत मागं सरकली. मी आरशातून अण्णांकडं बघितलं. अण्णा काट्याकडं बघत होते. मग त्यांनी आईच्या पाठमोऱ्या डोक्याकडं बघितलं.

मग दार उघडून खाली उतरले, मागं गेले, डिकी उघडली, आणि आईची बॅग बाहेर काढली.

"मीटर खोटं बोलत नाही," अण्णा म्हणाले. "ट्रक येईपर्यंत तरी ही गाडी हलायची नाही."